विमानात जागा नाही म्हणाले आणि कागदावर सही मागितली

पुणे–दिल्ली, तिकीट कन्फर्म. आईला घेऊन मी वेळेच्या बरंच आधी लोहगाव विमानतळावर पोचलो. आमचा नंबर आल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "फ्लाइट फुल आहे सर, उद्या सकाळच्या विमानाने पाठवते." काही प्रवासी आयत्या वेळी येत नाहीत, म्हणून कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले की कुणाला तरी मागे ठेवतात. इथवर संताप येतो, पण खरी फसवणूक पुढे आहे.

तिने एक छापील कागद सरकवला. "उद्याच्या तिकिटासाठी सही लागते, फक्त फॉर्मॅलिटी." आईने पेन हातात घेतलंही होतं. मी कागद ओढून वाचला. बारीक अक्षरांत होतं की प्रवासी स्वखुशीने जागा सोडत आहे, त्याचा पुढे कोणताही दावा नाही. शेजारच्या आजोबांनी सही करून टाकली होती. हातात जेवणाचं कूपन घेऊन ते बाकावर बसले होते.

त्या सहीची किंमत ऐका. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या नियमाप्रमाणे कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे प्रवासी शोधायचे असतात. वेळेत आलेल्या, कन्फर्म तिकिटवाल्याला जबरदस्तीने मागे ठेवलं आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई द्यावी लागते. चोवीस तासांच्या आतलं विमान दिलं तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये. त्यापुढचं दिलं किंवा तुम्ही पर्यायी विमान नाकारलंत तर चौपट, कमाल 20,000. नाकारल्यास तिकिटाचे पैसेही परत. 'स्वखुशीने' लिहून दिलंत की हा हक्क तुम्हीच सोडला, असं कंपनी म्हणायला मोकळी.

आम्ही सही केली नाही. भरपाई मागितल्यावर कस्टमर केअरचं उत्तर काय, तर "तुम्ही काउंटर बंद झाल्यावर आलात, अशी नोंद आहे." धडधडीत खोटं! रांगेत असताना काढलेल्या फोटोत काउंटरच्या वरचा बोर्ड आणि वेळ दोन्ही होतं. तो जोडून 'एअरसेवा' या विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, तेव्हा सूर बदलला. तरी आधी प्रवासाचं व्हाउचरच पुढे केलं. प्रवाशाच्या लेखी संमतीशिवाय भरपाईऐवजी व्हाउचर देता येत नाही, हे मेलमध्ये लिहिल्यावरच पैसे बँकेत आले.

तुमच्यावर ही वेळ आली तर जागा का नाकारली ते काउंटरवरच लेखी मागा. देत नसतील तर तिथूनच कंपनीला मेल करा, बोर्डिंग पास जपून ठेवा. एअरसेवावर दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. घरातली वयस्कर माणसं एकटी जाणार असतील तर त्यांना आजच सांगा, विमानतळावर कुठल्याही कागदावर घरी फोन केल्याशिवाय सही करू नका.