खान अकॅडमीवर सातवीतूनच आठवी-नववीचं गणित: शाळेचं एक वर्ष वापरल्यानंतर

जळगाव-धुळ्याकडे हुशार पोराला एक इयत्ता ओलांडून वर बसवायची सोय जवळपास नाहीच, आणि बाराव्या वर्षी ते करूही नये असं आमचं ठाम मत आहे. पुढे न्यायचं तर एखादा विषय न्यावा. गणितासाठी आम्ही खान अकॅडमी (व्हिडिओ आणि सराव देणारं शिकण्याचं अ‍ॅप) आणि बालभारतीची पुस्तकं ही जोडी वापरतो. अ‍ॅप फुकट, पुस्तकांच्या पीडीएफही फुकट.

व्हिडिओंपासून सुरुवात करू नका. आधी मुलाच्या चालू इयत्तेचं ‘कोर्स चॅलेंज’ (पूर्ण अभ्यासक्रमावरची चाचणी) कोणाच्याही मदतीशिवाय सोडवून घ्या. वर्गात पहिल्या येणाऱ्यांचंही कच्चं राहिलेलं तिथे उघडं पडतं: ऋण संख्यांची वजाबाकी, अपूर्णांकांचा भागाकार, शेकडेवारीत नेमकी कशाची टक्केवारी काढायची ते. तेवढंच पक्कं करा. मग पुढच्या इयत्तेत शिरा, पण प्रत्येक घटकाची ‘युनिट टेस्ट’ आधी आणि व्हिडिओ नंतर, तेही चुकलेल्या भागाचेच. धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंजची रड असते, तिथेही हाच क्रम सोयीचा, कारण सरावाला डेटा थोडा लागतो.

सराव सगळा बरोबर आला की अ‍ॅपमध्ये त्या कौशल्याला ‘प्रोफिशियंट’ ही पातळी मिळते. ‘मास्टर्ड’ ही सगळ्यात वरची पातळी मात्र पुढच्या चाचणीत तेच पुन्हा बरोबर आलं तरच. या अटीमुळे घोकंपट्टी टिकत नाही, आणि आम्हाला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. सराव आणि चाचणी यांत आठवडाभर जाऊ द्या.

आता बिघडतं कुठे. अ‍ॅप उत्तर तपासतं, पायऱ्या नाही. चुणचुणीत मुलं तोंडी सोडवून भराभर पुढे जातात आणि शाळेच्या पेपरात पायऱ्यांचे गुण घालवतात. म्हणून वही सक्तीची, आणि दर रविवारी त्यातली दोन गणितं फळ्यावर समजावून सांगायला लावा. भूमितीसाठी तर पुस्तकच हवं: नववीच्या भाग २ मधली पक्ष, साध्य, सिद्धता ही मांडणी हाताने लिहिल्याशिवाय बसत नाही.

परीक्षांचं गणित वेगळं. राज्याच्या उच्च प्राथमिक शिष्यवृत्ती परीक्षेत प्रत्येक पेपरला ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, आणि काहींचे दोन पर्याय बरोबर असतात. वेग तिथे कामाला येतो. ‘आयओक्यूएम’ ही गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षा आठवीपासून देता येते: ३ तास, ३० प्रश्न, पर्याय नाहीत, उत्तर पूर्णांकात. नववीचं पुस्तक संपवलेलं मूलही तिथे अडतं, कारण संख्या सिद्धांत (विभाज्यता, मूळ संख्या वगैरे) आणि मोजणीचे (एखादी गोष्ट किती प्रकारे करता येते, असे) प्रश्न शाळेच्या कुठल्याच इयत्तेत त्या खोलीने येत नाहीत. तिकडे जायचं असेल तर आठवीच्या पुढे धावणं थांबवा आणि दिवसाला एकच अवघड प्रश्न द्या, तासभर लागला तरी चालेल.

घरची परिस्थिती बेताची असेल तर ‘एनएमएमएस’ ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती चुकवू नका. आठवीत परीक्षा, निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. अर्ज शाळेमार्फत भरला जातो, तेव्हा मुख्याध्यापकांना तारीख आधीच विचारून ठेवा आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढा.