पक्षाघातानंतर घोट्याला कुठला आधार घ्यावा?

पक्षाघातानंतर पाऊल लोंबायला लागलं की उंबरठा ओलांडताना अंगठा अडकतो आणि माणूस कमरेतून पाय फेकत चालतो. घरचे आधी मेडिकलमधून इलॅस्टिकचा अँकल सपोर्ट आणतात. तो मुरगळलेल्या घोट्यासाठी असतो, लोंबणारं पाऊल उचलून धरायची ताकद त्यात नाही. त्यावर पैसे घालू नका. खरी निवड करायची ती पोटरीमागून तळव्याखाली जाणाऱ्या प्लास्टिकच्या एएफओमध्ये (अँकल-फूट ऑर्थोसिस, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा आधार).

पातळ, लवचीक एएफओ हलकी असते, बुटात सहज मावते आणि पाय पुढे टाकताना बोटं वर ठेवते. पोटरी सैल असेल, पाऊल आत वळत नसेल, तर ती पुरते. पोटरी ताठरत असेल तर मात्र तिचा टिकाव लागत नाही.

तिथे जाड, अखंड एएफओ लागते. ती घोटा जखडून ठेवते, गुडघा मागे झटकत असेल तर त्यालाही बराच आवर बसतो. सपाट लादीवर ती उत्तम. पण कोकणात कितीतरी घरांतून रस्त्यावर यायचं म्हणजे जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आली. पायरी चढताना, खुर्चीतून उठताना नडगी पावलावर पुढे झुकावी लागते आणि ही एएफओ तेच होऊ देत नाही. उतारावर तर गुडघा पुढे ढकलला जातो, तोल जायची भीती वाटते.

बिजागरीची एएफओ पाऊल खाली पडू देत नाही, पण नडगीला पुढे येऊ देते. पाखाडीच्या घरासाठी मी आधी हिचाच विचार करेन. फक्त गुडघा लटपटत असेल किंवा पोटरी फारच ताठ असेल तर ही नको, अखंडच बरी. हिला बूटही रुंद लागतो.

विजेच्या सौम्य झटक्याने पाऊल उचलणारं यंत्रही मिळतं. चालण्याच्या वेगात ते एएफओच्या तोडीचं आहे, पण खर्च बराच जास्त, आणि आपल्या दमट हवेत घामाने पॅड नीट चिकटत नाहीत.

आधार लावला की पाय आळशी होतो, असं बरेच जण सांगतात. त्या भीतीने रुग्णाला पडू देऊ नका. एएफओ घातल्यावर चाल आणि तोल सुधारतो हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. व्यायाम तेवढा चालू ठेवायचा.

आपण घरात अनवाणी वावरतो, पण एएफओ घालून तसं चालणं धोक्याचं, ओल्या लादीवर प्लास्टिक सटकतं. घरात वापरायला रबरी तळाचा, वेलक्रोचा वेगळा जोड ठेवा. आत सुती मोजा हवाच. पायाला संवेदना कमी असते, म्हणून रोज काढल्यावर घोट्याची हाडं आणि टाच बघा. लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर एएफओ दुरुस्त करून घ्या, तोवर घालू नका. माप द्यायला जाताना रोजचे बूट सोबत न्या, घराच्या पायऱ्या किती उंच आहेत ते सांगा, आणि ताब्यात घेण्याआधी फिजिओथेरपिस्टसमोर जिना चढून-उतरून बघा.