‘मे लेवान्ते’ की ‘मे ए लेवान्तादो’: आधी कोणता भूतकाळ पक्का करावा?

स्पॅनिशमधली लेवान्तार्से (उठणं), आकोस्तार्से (झोपायला जाणं), बेस्तीर्से (कपडे घालणं) ही रिफ्लेक्झिव्ह, म्हणजे क्रिया स्वतःवरच होणारी, क्रियापदं वर्तमानकाळात जमू लागली की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो. ‘मी उठलो’ म्हणायला दोन भूतकाळ आहेत, मग आधी ‘ए’ जोडून होणारा पेर्फेक्तो घोटायचा (मे ए लेवान्तादो) की एकाच शब्दाचा इंदेफिनीदो (मे लेवान्ते)? शिकावे दोन्ही लागतात, पण सुरुवातीला जिभेवर एकच नीट बसतो. स्पेनमध्ये छापलेली बरीच पाठ्यपुस्तकं पेर्फेक्तो आधी देतात, त्यामुळे क्लासला जाणारे बहुतेकजण काही न ठरवताच त्या वाटेला लागतात.

पेर्फेक्तोची बाजू तशी भक्कम आहे. मे ए, ते आस, से आ, नोस एमोस, ओस आबेइस, से आन एवढी साखळी पाठ केली की पुढे ‘आदो’ किंवा ‘ईदो’ जोडायचं, झालं. वाकडी रूपं मोजकी: पोनेर्सेचं (अंगावर चढवणं) पुएस्तो, रोंपेर्सेचं (मोडणं) रोतो, मोरीर्सेचं (मरणं) मुएर्तो आणि अशी आणखी थोडी. ‘मे’ नेहमी ‘ए’च्या आधी, आणि ‘ए’ व ‘लेवान्तादो’ यांच्या मधे काहीही घुसवायचं नाही. बोलणारी बाई असली तरी ‘लेवान्तादो’च. ‘उठलो-उठले’ करणाऱ्या आपल्या जिभेला ‘लेवान्तादा’ म्हणायचा मोह होतो, तेवढा आवरला की काम भागतं.

याउलट इंदेफिनीदो म्हणजे कटकट. मी झोपलो की मे दोर्मी, पण तो झोपला की से दुर्मियो. मे बेस्ती, पण से बिस्तियो. पोनेर्सेचं मे पुसे. इर्सेचं (निघून जाणं) मे फुई, आणि ते फुई ‘सेर’चंही (असणं) तेच! ‘नोस लेवान्तामोस’ म्हणजे आम्ही उठतो की उठलो, हे मागचापुढचा संदर्भ बघून ओळखायचं. ‘मे लेवान्ते’त जोर शेवटच्या ‘ते’वर दिला नाही तर ते वेगळंच रूप होऊन बसतं. पाठांतराचा हिशोब केला तर पेर्फेक्तो सरळ पुढे आहे.

तरी मी इंदेफिनीदोकडे वळलो, ते एका वैतागापायी. माद्रिदच्या पद्धतीने पेर्फेक्तो वापरायचा तर प्रत्येक क्रियापदाआधी स्वतःला विचारावं लागतं: तो काळ अजून चालू आहे की संपला? आज सकाळी, या आठवड्यात, यंदा म्हटलं की मे ए लेवान्तादो. काल, गेल्या आठवड्यात म्हटलं की मे लेवान्ते. ‘काल बाराला झोपलो, आज नऊला उठलो’ एवढं साधं सांगताना मधेच गाडी बदलायची: आनोचे मे आकोस्ते आ लास दोसे, ओय मे ए लेवान्तादो आ लास नुएवे. मराठीत कालही उठलो, आजही उठलोच. ‘आज सहाला उठलो आहे’ असं आपण सहसा म्हणत नाही. त्यामुळे ती रेघ आपल्या डोक्यात मुळात नसतेच, आणि बोलण्याच्या भरात ती आठवणं मला तरी जड गेलं. वर ‘मे ए’ भरभर बोललं की एकच लांब ‘ए’ होतो. मी तो म्हटलाय की गिळलाय, हे समोरच्याला कळेना.

इंदेफिनीदोत ही रेघ आखावी लागत नाही. ‘एस्ता मान्याना मे लेवान्ते आ लास सेइस’ (आज सकाळी सहाला उठलो) हे मेक्सिकोत, अर्जेंटिनात सहज चालतं. खुद्द स्पेनमध्येही गालिसिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटांवर लोक असंच बोलतात. माद्रिदमध्ये ते थोडं परकं वाटेल, पण अर्थ कुठे अडत नाही. उलट ‘आयेर (काल) मे ए लेवान्तादो’ मात्र बऱ्याच ठिकाणी कानाला खटकतं (बोलिव्हियासारखे काही भाग सोडून). मेक्सिकोची लोकसंख्याच १३ कोटींच्या आसपास, स्पेनची पाच कोटींच्या आत. माझं रोजचं बोलणं मेक्सिकोतल्या लोकांशी होतं, तेव्हा माझा कल तिकडे झुकणार हे उघड आहे.

माद्रिद किंवा बार्सिलोनाला शिकायला जाणार असाल, किंवा शिक्षक तिकडचे असतील, तर पेर्फेक्तोपासून सुरुवात करायला माझी हरकत नाही. केवळ देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी मात्र तसं करायची गरज वाटत नाही, कारण तिथे कोणत्याही स्पॅनिशभाषक देशातली प्रमाण भाषा चालते. ‘मी रोज सहाला उठायचो’ यासाठी मे लेवान्ताबा लागतं, तो तिसराच काळ, आणि रूपांच्या दृष्टीने सगळ्यांत सोपा. त्याला या भांडणात ओढू नका.

पेर्फेक्तोला पूर्ण रजा देता येत नाही, एवढं कबूल. ‘तो अजून उठला नाही’ म्हणताना मेक्सिकोतही ‘तोदाव्हिया नो से आ लेवान्तादो’ ऐकू येतं, तर अर्जेंटिनात तिथेही ‘नो से लेवान्तो’ चालून जातं. मी ते एक वाक्य तसंच्या तसं पाठ करून ठेवलंय. बाकीचा वेळ से दुर्मियो, से बिस्तियो, से पुसो, से फुए या चौघांना दिला, कारण सगळ्यात जास्त अडतं ते तिथेच.