दिल्लीतली मीटिंग आणि १२९५१ राजधानी: कामाच्या दौऱ्याला कितपत उपयोगी?

दिल्लीत सकाळी साडेअकराची मीटिंग असेल आणि दुपारी तीनपर्यंत काम उरकणार असेल, तर मुंबई सेंट्रलची राजधानी विमानापेक्षा सरस पडते. मीटिंग सकाळी नऊची असेल किंवा संध्याकाळी पाचपर्यंत लांबणार असेल, तर मात्र या गाडीचा नाद सोडावा. भाडं, जेवण, बर्थ या सगळ्याचा विचार त्यानंतर. आधी समोरच्या पार्टीकडून मीटिंगची वेळ पक्की करून घ्या.

१२९५१ मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी पाचला सुटते आणि १३८४ किलोमीटर कापून दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३२ ला नवी दिल्लीला पोचते. परतीची १२९५२ नवी दिल्लीहून दुपारी ४:५५ ला निघते आणि सकाळी ८:३५ ला मुंबई सेंट्रलला येते. वेळापत्रकात अधूनमधून पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतात, म्हणून निघताना तिकिटावरची वेळ प्रमाण मानावी. सोमवारी दुपारी साडेतीनपर्यंत ऑफिसात काम, मंगळवारी दिल्ली, बुधवारी सकाळी पुन्हा आपल्या टेबलावर. हॉटेलचा खर्च नाही. सकाळच्या विमानाने जायचं तर पहाटे चारला घर सोडावं लागतं आणि ती झोपमोड दुपारच्या वाटाघाटीत अंगावर येते. राजधानीत रात्री सहा-सात तास आडवं होता येतं. कामासाठी जाणाऱ्याला हा फरक फार मोलाचा आहे.

आता तिकीट. रिझर्वेशन ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती निम्म्यावर आली. राजधानीला २०१६ पासून फ्लेक्सी भाडं लागू आहे. दर १० टक्के बर्थ विकले गेले की मूळ भाडं १० टक्क्यांनी चढतं आणि सेकंड एसीत ते १.४ पटीपर्यंत जातं. मीटिंगची तारीख ठरली की त्याच दिवशी तिकीट काढावं, कारण थांबण्यात फक्त नुकसान आहे. फर्स्ट एसीला फ्लेक्सी लागत नाही. उशिरा तिकीट काढताना दोन्ही वर्गांचं भाडं शेजारी ठेवून बघा. सेकंड एसी १.४ पटीवर गेलेलं असेल तर दोन्हींतलं अंतर बरंच कमी झालेलं असतं आणि थोडे जास्त पैसे टाकून दार बंद होणारी केबिन मिळते.

तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं, पण फर्स्ट एसीला तत्काळ कोटाच नाही. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीचं खातं आधारने प्रमाणित केलेलं लागतं आणि पहिला अर्धा तास एजंटना बंदी असते. ऑफिसच्या नेहमीच्या ट्रॅव्हल एजंटवर विसंबलात तर तो अर्धा तास हातचा जातो. ज्याला प्रवास करायचा आहे त्याने आपलं खातं आठवडाभर आधीच आधारशी जोडून ठेवावं, ऐन दहा वाजता ओटीपीची वाट बघत बसू नये. कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा मिळत नाही, तेव्हा मीटिंग डळमळीत असेल तर तत्काळ काढू नका.

ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट (प्रवाशांची अंतिम यादी) लागेपर्यंत पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. त्यावर गाडीत चढता येत नाही. आरएसी (कन्फर्म आणि वेटिंगच्या मधलं तिकीट) असेल तर बसायला जागा नक्की मिळते, पण साइड लोअर दोघांत वाटून. रात्रभर अवघडून बसून सकाळी प्रेझेंटेशन द्यायचं असेल तर आरएसीवर जाण्यात अर्थ नाही. चार्ट पूर्वी चार तास आधी लागायचा, आता त्याच्या बराच आधी लागतो. म्हणजे वेटिंगवाल्याला विमानाचं तिकीट बघायला पुरेसा वेळ मिळतो, हा बदल कामाच्या दौऱ्यांसाठी खरंच चांगला झाला.

एक गोष्ट कंपन्यांच्या ध्यानात येत नाही. जोशींच्या नावाचं तिकीट कुलकर्णींच्या नावावर करता येत नाही. कन्फर्म तिकिटावरचं नाव बदलण्याची सवलत कुटुंबातल्या व्यक्तीसाठी किंवा कामावर जाणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यासाठी वगैरे आहे, खाजगी कंपनीतल्या सहकाऱ्यासाठी नाही. आयत्या वेळी माणूस बदलला की तिकीट रद्द करून नवं काढणं एवढाच मार्ग उरतो, आणि गाडीची वेळ जितकी जवळ तितकी कपात जास्त.

अकाउंट्सवाल्यांसाठी: एसी वर्गाच्या भाड्यावर ५ टक्के जीएसटी असतो. प्रवाशांची नावं भरतो त्याच पानावर खाली कंपनीचा जीएसटी क्रमांक, नाव आणि पत्ता भरायची जागा असते. ती ऐच्छिक असल्यामुळे घाईत सुटते आणि मग इनपुट क्रेडिटवर, म्हणजे भरलेला जीएसटी वळता करून घेण्यावर, पाणी सोडावं लागतं. क्रमांक मोबाईलच्या नोट्समध्ये ठेवा, तिथून चिकटवा, एक अक्षरही चुकता कामा नये.

बर्थ निवडताना नेहमीचा प्रवासी डोळे झाकून लोअर मागतो. काम करायचं असेल तर थोडा विचार करावा. सेकंड एसीत सहा बर्थचा एक गट असतो: १ आणि ३ लोअर, २ आणि ४ अप्पर, ५ साइड लोअर, ६ साइड अप्पर, आणि पुढे हाच क्रम. लोअरवर बसलात तर झोपायची वेळ होईपर्यंत अप्परवाल्यांचाही तिथे बसायचा हक्क असतो. समोरच्या चौघांत गप्पा रंगल्या की लॅपटॉप उघडूनही उपयोग होत नाही. साइड लोअरवर मात्र एकच माणूस समोर येतो, खिडकी आपली, पडदा आपला. संध्याकाळी तीन तास एकाग्र काम करायचं असेल तर साइड लोअर उत्तम. त्याची किंमत रात्री मोजावी लागते: येणारे-जाणारे पडद्याला घासून जातात, आणि उंच माणसाला पाय पूर्ण पसरता येत नाहीत. पावणेसहा फुटांच्या वरच्या माणसाने सरळ अप्पर घ्यावा. तिथे कोणी उठवत नाही आणि हवं तेव्हा झोपता येतं. डब्याच्या दोन्ही टोकांचे बर्थ टाळा. दाराची आणि टॉयलेटला जाणाऱ्यांची वर्दळ रात्रभर चालू असते.

थर्ड एसी स्वस्त आहे, पण तिथे पडदे नाहीत आणि मधला बर्थ खाली असेपर्यंतच सरळ बसता येतं. गाडीत काही काम करायचं नसेल तर ठीक.

फर्स्ट एसीत चार बर्थची केबिन किंवा दोन बर्थचा कूपे मिळतो, आणि बर्थ क्रमांक चार्ट लागल्यावरच कळतो. दोघे सहकारी एकाच पीएनआरवर असतील तर कूपेची पसंती नोंदवावी, मात्र मिळेलच याची खात्री धरू नये. दर किती सांगायचा याची चर्चा गाडीतच करायची असेल तर केबिनमधल्या अनोळखी दोघांसमोर ती करता येणार नाही, हे आधीच गृहीत धरा.

गाडीला २०२१ पासून तेजसचे डबे लागले आहेत. आपोआप बंद होणारी दारं, सीसीटीव्ही, प्रत्येक बर्थला वाचनाचा दिवा, अप्परवर चढायला बऱ्या पायऱ्या. जुन्या डब्यांच्या तुलनेत हा बदल ठळक आहे. नेटवर्कचा भरवसा मात्र धरू नका. सुरत साधारण पावणेआठला आणि वडोदरा सव्वानऊच्या सुमारास येतं, तिथपर्यंत मेल आणि फोन जमतात. वडोदरा सुटलं की गोध्रा, दाहोद, मेघनगर हा डोंगराळ टापू लागतो आणि नेट येतं-जातं. व्हिडिओ कॉल गाडीत ठेवूच नका. फाइली पाचच्या आत उतरवून घ्या, पाठवायचं ते वडोदऱ्याआधी पाठवा. चार्जिंगचंही तसंच. आगीचा धोका टाळण्यासाठी रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याचा निर्णय पश्चिम रेल्वेने २०२१ मध्ये घेतला होता. म्हणून मोबाईल आणि लॅपटॉप दोन्ही अकराच्या आत भरून घ्यावेत, जवळ पॉवर बँक असावी. फोन रात्री संपला तर सकाळी कॅबही बोलावता येत नाही.

जेवण तिकीट काढतानाच ठरवायचं असतं, व्हेज, नॉनव्हेज किंवा नको. ‘नको’ म्हटलं तर भाडं तेवढं कमी होतं. संध्याकाळचा चहा-नाश्ता, सूप, जेवण, सकाळचा चहा आणि नाश्ता एवढं सगळं मिळतं. पोट भरतं, चवीसाठी कोणी ही गाडी धरू नये. पथ्यपाणी असलेल्यांनी ‘नको’ लिहून घरून डबा आणलेला बरा.

सकाळची आखणी महत्त्वाची. मथुरा गेली की टॉयलेटपुढे रांग लागते. साडेपाच-सहाला उठून दाढी-तोंड उरकून घ्या. मीटिंगचा शर्ट गाडीत घालू नका, तो चुरगळतोच. नवी दिल्ली स्टेशनवर अजमेरी गेटच्या बाजूला आयआरसीटीसीचं एक्झिक्युटिव्ह लाउंज आहे, तिथे पैसे भरून आंघोळ आणि कपडे बदलणं होतं. पाऊण तास त्यासाठी धरा.

मेट्रोही त्याच बाजूला सोयीची. गुरुग्रामला जायचं तर पिवळी लाइन थेट मिलेनियम सिटी सेंटरपर्यंत जाते. नोएडासाठी पिवळ्या लाइनने पुढच्याच राजीव चौकला उतरून निळी धरायची. नेहरू प्लेस आणि ओखल्यासाठी सेंट्रल सेक्रेटरिएटला व्हायोलेट लाइन बदलायची. एरोसिटीत मीटिंग असेल तर एअरपोर्ट एक्स्प्रेस लाइन इथूनच सुटते. सकाळी साडेनऊच्या ट्रॅफिकमध्ये गुरुग्रामला कॅबने निघणं हा जुगार आहे, मेट्रोचा वेळ निदान ठरलेला असतो.

उशीर होण्याचा खरा हंगाम म्हणजे डिसेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर. कोट्याच्या पुढे धुकं दाट असलं की सिग्नल दिसत नाहीत, गाड्या मागेपुढे अडकतात आणि राजधानीला प्राधान्य असूनही तास-दोन तास सहज जातात, कधी त्याहून जास्त. या दिवसांत मीटिंग दुपारी दीडच्या आधी लावू नका आणि परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं काढा. परतीची गाडीच तीन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तर टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरून पूर्ण पैसे परत मिळतात. अट एकच, गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आधी तो भरायचा.

अंधेरी, मालाड, ठाणे या भागांतल्यांनी बोर्डिंग बोरिवली करून घ्यावं, गाडी तिथे साधारण पाच वीसला येते. थांबा जेमतेम दोन-तीन मिनिटांचा, म्हणून डबा कुठे लागतो ते इंडिकेटरवर बघून त्या जागी आधीच उभं राहावं. चार्ट लागायच्या आत बोर्डिंग बदललं नाही आणि बोरिवलीला चढलात, तर बर्थवरून टीसीशी वाद होऊ शकतो. बीकेसीत ऑफिस असलेल्यांना आता मेट्रो ३ थेट मुंबई सेंट्रलला सोडते.

सॅम्पल घेऊन जाणाऱ्यांनी वजन मोजावं. फर्स्ट एसीत ७० किलो, सेकंड एसीत ५०, थर्ड एसीत ४० किलोपर्यंत सामान फुकट नेता येतं. टाइल्स, फिटिंग्ज, कापडाचे थान असं जड किंवा बर्थखाली न मावणारं काही असेल, तर गाडीच्या निदान अर्धा तास आधी लगेज ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) टाकावं. ते उतरवून घेण्यात दिल्लीला आणखी अर्धा-पाऊण तास जातो, आणि मग साडेअकराची मीटिंगही घाईची होते.

नाशिक, जळगावच्या मंडळींना मुंबई सेंट्रलला यायची गरज नाही. सीएसएमटीहून सुटणारी २२२२१ राजधानी कल्याण, नाशिक रोड, जळगाव घेत भोपाळमार्गे जाते. ती सकाळी दहाच्या आसपास हजरत निजामुद्दीनला पोचते, म्हणून मीटिंग बाराच्या पुढची ठेवा. स्टेशनला लागूनच पिंक लाइनचं सराय काले खाँ–निजामुद्दीन मेट्रो स्टेशन आहे. पुण्याहून दुरांतो आहे, पण ती रोज नाही. त्यामुळे पुणेकरांनी आधी गाडीचा वार बघावा आणि मगच समोरच्याला तारीख द्यावी.