मोटरसायकलला हॅझर्ड बसवताना: साधा स्विच, डबल पोल की बॅटरीवरून वेगळी लाइन?

गेल्या आषाढात ताम्हिणी घाटात माझी गाडी पंक्चर झाली. धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांवरचं काही दिसेना. गाडी कडेला घेऊन डावा इंडिकेटर लावून ठेवला. मागून आलेल्या टेम्पोवाल्याला वाटलं, ही वळतेय. अगदी जवळ आल्यावर त्याने करकचून ब्रेक मारला. चारही दिवे एकदम लुकलुकत असते, तर गाडी उभी आहे हे त्याला लांबूनच कळलं असतं. घरी आल्यावर हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारी सोय, बसवला, आणि पहिली पद्धत चुकीची निवडल्यामुळे महिन्याभरात उखडून पुन्हा बसवला.

ती पहिली पद्धत म्हणजे डाव्या आणि उजव्या इंडिकेटरच्या वायरींमध्ये एक साधा ऑन-ऑफ स्विच टाकायचा. स्विच दाबून हॅन्डलवरचा इंडिकेटर कुठल्याही बाजूला सरकवला की चारही दिवे लागतात. काम अर्ध्या तासाचं आणि खर्च नगण्य. पण मूळ फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा छोटा रिले, १० वॉटच्या दोन बल्बांसाठी असतो. चार बल्ब म्हणजे ४० वॉट, सुमारे ३.३ अँपिअर. मग लुकलुकण्याचा वेग बिघडतो आणि फ्लॅशर तापतो. शिवाय ज्या गाड्यांच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच पायलट दिवा असतो, तिथे तो डाव्या-उजव्या वायरींच्या मधे जोडलेला असतो. दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज आला की तो विझतो. हॅझर्ड चालू राहिलाय हे मीटरवरून कळतच नाही. माझा दोनदा तसाच राहिला.

डबल पोल स्विचची, म्हणजे एकाच खटक्यात दोन वेगळ्या लाइन जोडणाऱ्या स्विचची, पद्धत यापेक्षा खूप चांगली. फ्लॅशरमधून निघणारी वायर स्विचच्या दोन्ही पोलांना द्यायची. एका पोलातून डावी बाजू, दुसऱ्यातून उजवी. स्विच बंद असताना दोन्ही बाजू एकमेकींपासून तुटलेल्या राहतात आणि चालू केल्यावर हॅन्डलचा इंडिकेटर कुठे आहे याने फरक पडत नाही. सोबत फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक घ्या. बल्ब दोन असोत की चार, त्याचा वेग तोच राहतो. तीन पिनांचा असेल तर तिसरी पिन अर्थला जाते. पुण्यात फ्लॅशर नाना पेठेत मिळतो, स्विच आणि स्लीव्ह तपकीर गल्लीत. मोठी उणीव एकच: चावी चालू ठेवावी लागते. काही गाड्यांत चावी फिरवताच हेडलाइटही लागतो, आणि चावी लावलेली गाडी सोडून मदत शोधायला जाता येत नाही.

तिसऱ्या पद्धतीत बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून ५ अँपिअरचा फ्यूज, त्यापुढे दुसरा फ्लॅशर आणि मग तोच डबल पोल स्विच. चावी खिशात ठेवूनही हॅझर्ड चालतो. मात्र तेव्हा हॅन्डलचा इंडिकेटर मधोमध हवा, नाहीतर करंट उलटा मूळ फ्लॅशरकडे जातो. बॅटरीचा हिशेब मात्र आधी करा. दिवे निम्मा वेळच पेटतात असं धरलं तरी साध्या बल्बांना सरासरी १.७ अँपिअर लागतात. १०० सीसीच्या गाडीत बॅटरी साधारण ३ अँपिअर-अवरची. पाऊण तासानंतर सेल्फ उचलेल याची खात्री नाही, तेव्हा किक असलेली बरी. एलईडी इंडिकेटर असतील तर चारही मिळून पाच-सहा वॉटांत भागतं आणि ही चिंता जवळजवळ मिटते.

तयार मॉड्यूलही मिळतात. त्यातले पाचदा भराभर चमकून थांबणारे घेऊ नका. उभ्या गाडीचा इशारा सगळ्यांना ओळखीच्या संथ लयीतच कळतो.

तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीचा हॅझर्ड असेल, तर आधी तो स्विच आणि त्याचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) जुळतो का ते बघा. जुळला तर यातलं काहीच करू नका. गाडी वॉरंटीत असेल किंवा इंडिकेटर कंट्रोल युनिटवरून चालत असतील, तर हार्नेसला, म्हणजे मूळ वायरिंगला, हात लावू नका.

शहरात फिरणाऱ्याला मी दुसरी पद्धत सुचवेन. रात्री-अपरात्री घाटातून जाणाऱ्याने, विशेषतः एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी असल्यामुळे जुन्या हायवेने खंडाळा चढणाऱ्याने, तिसरीच घ्यावी. माझ्या गाडीला आता तीच आहे. आणि पावसात चालत्या गाडीवर हॅझर्ड लावू नका. मग तुम्ही कुठे वळताय हे मागच्याला समजायला मार्गच उरत नाही.

जोड देताना वायरीला दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या क्लिपा टाळा. एका पावसाळ्यात आतलं तांबं हिरवं पडतं. सोल्डर करून वर हीटश्रिंक स्लीव्ह चढवा. कुठल्या रंगाची वायर कशाची हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं, म्हणून कापण्याआधी टेस्ट लॅम्प लावून खात्री करा. सगळं जोडून झालं की हॅझर्ड पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि फ्लॅशर, फ्यूज, स्विच हाताने चाचपा. कोमट लागले तर चालेल. चटका बसला तर कुठेतरी जोड कच्चा आहे. तो सापडेपर्यंत सीट बसवू नका.