राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे: 22,000 रुपये गमावल्यावर कळलेली गोष्ट

माझ्या सिबिल रिपोर्टमधल्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालातल्या, एका शब्दाचा खोटा अर्थ सांगून एका माणसाने माझ्याकडून 22,000 रुपये उकळले. तो शब्द आहे 'राइट-ऑफ'. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या रिपोर्टमध्ये तो असेल, तर हे पूर्ण वाचा.

2020 मध्ये नोकरी गेली आणि क्रेडिट कार्डाचे 64,000 रुपये थकले. वर्षभर वसुलीवाल्यांचे फोन येत होते, मग कमी झाले. मला वाटलं, बँकेने नाद सोडला. फेब्रुवारी 2024 मध्ये घरासाठी कर्ज मागायला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. स्कोअर 571, कार्डाच्या खात्यासमोर 'राइट-ऑफ'. अर्ज तिथेच संपला.

त्याच आठवड्यात मोबाइलवर जाहिरात दिसली: जुनं कर्ज कायदेशीर माफ, 90 दिवसांत सिबिल 750 च्या वर. फोनवरचा माणूस अत्यंत अदबीने बोलला. रिपोर्ट पाहून म्हणाला, "दादा, बँकेने तुमचं कर्ज कधीच सोडून दिलंय. फक्त माफीचं प्रमाणपत्र काढायचं राहिलंय." मी घुटमळलो तर म्हणाला, "नाहीतर दिवाळखोरीचा अर्ज टाकू, पाटी कोरी होईल." चार वर्षं मनावर असलेलं ओझं कुणीतरी उतरवतोय असं वाटलं. यूपीआयने दोनदा पैसे पाठवले, मागितला तेव्हा ओटीपीही दिला. आठवड्याभरात व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्क्यासकट 'कर्जमाफी प्रमाणपत्र' आलं. त्या दिवशी बायकोने देवापुढे साखर ठेवली होती.

त्या कागदाच्या भरवशावर मी बँकेचे फोन घेणंच बंद केलं. मे महिन्यात रिपोर्ट काढला, तर 'राइट-ऑफ' जागच्या जागी. माझ्या नावाने "हे खातं माझं नाही" अशी तक्रार टाकलेली होती आणि बँकेने ती फेटाळली होती. शिवाय मी कधीच न केलेल्या कर्जअर्जांच्या तीन चौकश्या. स्कोअर आणखी खाली. त्या फोनवरच्या माणसाचा नंबर बंद.

मग बँकेच्या शाखेत जाऊन बसलो. तिथल्या अधिकाऱ्याने जे समजावलं, ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. पुढे वसुलीची आशा उरली नाही, की बँक ते कर्ज बुडीत धरून आपल्या ताळेबंदातून बाजूला काढते. हा बँकेचा हिशेब झाला. आपलं देणं तसंच राहतं, वसुलीचा हक्कही तसाच. पुढच्या बँकेला मात्र ही नोंद सांगते की या माणसाकडून पैसे परत आले नाहीत. म्हणून स्कोअर इतका कोसळतो.

थोडी रक्कम भरून तडजोड केली तर 'सेटल्ड' असा शेरा येतो. तोही चांगला नाही, कारण उरलेली रक्कम बँकेने सोसली हे त्यात उघड दिसतं. पूर्ण भरणं झेपत असेल तर तेच करा आणि नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं, पत्र हातात घ्या. दिवाळखोरीचं म्हणाल, तर 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग आतापर्यंत कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झालेला आहे. बाकीच्यांना 1909 आणि 1920 चे जुने कायदे आहेत, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. त्यातून स्कोअर वाढत नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते हे, की रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2023 मध्येच अशा कर्जमाफी प्रमाणपत्रांबद्दल जाहीर इशारा दिला होता. मी फसण्याच्या दोनच महिने आधी. मी तो नंतर वाचला.

रिपोर्टमधली नोंद खरोखरच चुकीची असेल, तर दुरुस्तीची तक्रार स्वतः करता येते, एक पैसा लागत नाही. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. पण या कंपन्या बँकेच्या दुजोऱ्याशिवाय नोंद बदलत नाहीत, त्यामुळे खरी नोंद पुसून देतो म्हणणारा माणूस खोटंच बोलतोय. आणि ओटीपी त्याला देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. मी तीन महिन्यांनी केला, तोवर ते खातं रिकामं झालं होतं.

बँकेशी बोलून ठरलेली पूर्ण रक्कम मी अकरा हप्त्यांत भरली. आता त्या खात्यासमोर थकबाकी शून्य दिसते. राइट-ऑफचा इतिहास मात्र अजून दिसतोच, आणि घराचा अर्ज मी अजून केलेला नाही.