२ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणि बाहेर राहिलेल्या २७ कॅसेट

वडिलांनी सदाशिव पेठेतल्या घरगुती बैठकांमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ६७० कॅसेट आमच्याकडे आहेत. प्रत्येकीच्या कागदावर त्यांच्या अक्षरात राग, तारीख आणि साथीदारांची नावे लिहिलेली आहेत. हा सारा ठेवा संगणकावर घेऊन एका जागी जतन करावा, यासाठी मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीजवळच्या एका दुकानातून २ टीबीची, म्हणजे २ टेराबाइटची, पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली. चार महिने ती रोज वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. डिस्कचा दर्जा उत्तम आहे, हे आधीच नोंदवतो. तरीही माझ्या २७ कॅसेट तिच्याबाहेर राहिल्या आणि त्याचे कारण साठवणुकीच्या एककांमध्ये आहे. डिस्क घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

डिस्क तळहातावर मावते, आवाज जवळजवळ करत नाही आणि तासभर सलग काम केल्यावरही कोमटच राहते. सोबतची केबल मात्र जेमतेम दीड वीत आहे, त्यामुळे संगणक टेबलाखाली असेल तर डिस्क लोंबकळत राहते. वेगळी केबल घ्यावी लागली. वेगाबद्दल तक्रार नाही. खोक्यावर ‘५ जीबीपीएस’ असे लिहिलेले असते, पण त्यातला ‘बी’ बाइटचा नसून बिटचा असतो, आणि ८ बिट्सचा एक बाइट होतो. शिवाय तो आकडा जोडणीच्या क्षमतेचा आहे, आतल्या फिरत्या तबकडीचा नव्हे. मला प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळाला, म्हणजे एक कॅसेट अर्ध्या मिनिटाच्या आत डिस्कवर जाते.

आता मूळ मुद्दा. जतनासाठी मी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि दोन वाहिन्या अशी मांडणी ठेवली. एका सेकंदाला आवाजाचे ९६,००० नमुने, प्रत्येक नमुना ३ बाइट्सचा आणि वाहिन्या दोन, म्हणजे सेकंदाला ५,७६,००० बाइट्स होतात. ९० मिनिटांच्या कॅसेटला ३,११,०४,००,००० बाइट्स, अर्थात ३११ कोटी ४ लाख बाइट्स लागतात. खरेदीपूर्वी मी हा हिशेब केला नाही. चाचणीसाठी घेतलेल्या पहिल्या कॅसेटची फाइल विंडोजमध्ये २.८९ जीबी दिसत होती, तो आकडा घेतला. २ टीबी म्हणजे २,००० जीबी धरले. भागाकार ६९२ आला. सगळ्या ६७० कॅसेट बसून वर २२ कॅसेटची जागा उरेल, अशा खात्रीने मी दुकानात गेलो.

दुकानातल्या तरुणाने पैसे घेण्याआधीच सांगितले, “काका, खोक्यावर २ टीबी आहे, पण घरी लावल्यावर १.८१ दिसेल. माल खराब आहे असं समजू नका.” ग्राहकाने न विचारता ही गोष्ट सांगणे मला फार मोलाचे वाटते. कारण विचारल्यावर मात्र “फॉरमॅटमध्ये जाते” असे उत्तर मिळाले, आणि हाच समज सर्वत्र पसरलेला आहे. फॉरमॅट केल्यावर फाइलींच्या नोंदवहीसाठी थोडी जागा जाते हे खरे, पण ती या तफावतीच्या तुलनेत नगण्य असते. जागा कुठेच गेलेली नसते. ती वेगळ्या मापाने मोजलेली असते.

डिस्क बनवणारे टेरा हा उपसर्ग दशमान पद्धतीतल्या अर्थाने वापरतात. १ टेराबाइट म्हणजे १ लाख कोटी बाइट्स, आपल्या जुन्या अंकगणनेत ज्याला महापद्म म्हणत तितके. विंडोज मात्र किलो, मेगा, गिगा, टेरा अशा दर पायरीला १,००० ऐवजी १,०२४ ने भागते, कारण २ चा दहावा घात १,०२४ आहे आणि संगणकाची स्मृती दोनच्या घातांनीच बांधली जाते. या मापाने १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट्स आणि १ टीबी म्हणजे १०,९९,५१,१६,२७,७७६ बाइट्स. २ लाख कोटींना या शेवटच्या संख्येने भागले की १.८१ येते. त्याच कारणाने १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते. दोन मापांमधले अंतर किलोला २.४ टक्के, मेगाला सुमारे ४.९, गिगाला ७.४ आणि टेराला जवळजवळ १० टक्के असे वाढत जाते, म्हणून फ्लॉपीच्या काळात जे कुणाच्या लक्षात आले नाही ते आता डोळ्यांत भरते. त्या ‘१.४४ एमबी’ फ्लॉपीत तर दोन्ही मापे एकमेकांत मिसळलेली होती: १,४४० गुणिले १,०२४ बाइट्स!

हा गोंधळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ मध्ये १,०२४ च्या मापासाठी किबी, मेबी, गिबी, टेबी ही स्वतंत्र नावे ठरवली. ॲपलने २००९ पासून मॅकवर दशमान मोजणी सुरू केली, त्यामुळे हीच डिस्क तिथे २ टीबीच दिसते. माझ्या संगणकावर माप टेबीचे आणि नाव टीबीचे, अशी स्थिती अजून आहे.

माझी चूक नेमकी इथे झाली. फाइल १,०२४ च्या मापाने मोजली आणि डिस्क १,००० च्या. दोन्ही बाइट्समध्ये आणून भागाकार केला असता तर उत्तर ६४३ आले असते. दुकानात १.८१ ऐकल्यावर घाईने १,८१० जीबी धरून भागले असते, तर ६२६ येऊन चूक उलट्या बाजूला गेली असती. ६४३ कॅसेट झाल्यावर जागा संपल्याचा संदेश आला, तेव्हा वडिलांच्या शेवटच्या काळातल्या २७ कॅसेट टेबलावर उरल्या होत्या आणि त्या क्षणी मला खरोखर वाईट वाटले.

डिस्कबद्दल माझी तक्रार एकच आहे. १ टीबी म्हणजे किती बाइट्स, हे खोक्यावर छापलेले आहे, पण तळाशी, इतक्या बारीक अक्षरांत की मला भिंग घ्यावे लागले. ती ओळ क्षमतेच्या आकड्याशेजारी, वाचता येईल अशा अक्षरांत हवी. घेणाऱ्यांनी फाइलवर उजवी कळ दाबून गुणधर्म उघडावेत. तिथे जीबीच्या आकड्यापुढे कंसात पूर्ण बाइट्स दिलेले असतात आणि हिशेब त्याच आकड्याने करावा. कॅसेटसंग्रह पाचशेच्या पुढे असेल तर सरळ ४ टीबीची डिस्क घ्यावी, आणि दुसरी प्रत ठेवायची असल्यास तशाच दोन.

उरलेल्या २७ कॅसेटना ८,३९८ कोटी बाइट्स लागणार होते. या वेळी हा आकडा कागदावर लिहून मी त्याच दुकानात गेलो आणि १२८ जीबीचा, म्हणजे १२,८०० कोटी बाइट्सचा पेन ड्राइव्ह घेतला. घरी लावल्यावर तो ११९ जीबी दिसला आणि सत्ताविसाव्या कॅसेटनंतरही त्यात जागा शिल्लक राहिली.